चौथा कोपरा

फ्रेम झाली का, असं मिस्त्रीला विचारायचं नसतं. वैरागात हे पोराटोरांनाही माहीत आहे. विचारलं की मिस्त्री हातातला रंधा खाली ठेवतो, चष्मा कपाळावर सरकवतो आणि म्हणतो, "झाल्यागतच हाय की. तीन कोपरे झाल्यात." मग चौथ्या कोपऱ्याची कथा सुरू होते. ती संपून गिऱ्हाईक घरी पोचेपर्यंत त्याच्या पिशवीतली मेथी सुकलेली असते.

गावात त्याला नावानं कुणी हाक मारत नाही. सगळे 'पंचेचाळीस' म्हणतात. हा आकडा वयाचा नव्हे, वय साठीला टेकलंय. आकडा अंशाचा आहे. दोन पट्ट्या काटकोनात भिडवायच्या तर दोन्हींची टोकं पंचेचाळीस अंशांत तिरकी कापावी लागतात. फोटोची चौकट घ्या, आरशाची घ्या, नाहीतर कपाटाच्या दारावरची नक्षीची पट्टी, सगळीकडं हाच काप. बाकीचे सुतार कापतात, ठोकतात, उरलेल्या फटीत फेविकॉलमध्ये कालवलेला भुसा दाबतात आणि पॉलिश मारून पैसे मागतात. मिस्त्री कापतो आणि तपासतो. मग परत तपासतो. त्यानंतर ज्या गुण्यानं तपासलं, तो गुण्या तपासतो.

माझी आणि त्याची गाठ पडली ती वडिलांच्या फोटोमुळं. वडील जाऊन कार्तिकात वर्ष होणार होतं. पडक्या वाड्याच्या दाराची जुनी सागवानी चौकट घरात पडून होती. तिच्यातूनच फोटोला फ्रेम करावी, असं मनात आलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी लाकूड घेऊन मी दुकानात गेलो. खंडेनवमी होती. करवत, रंधा, पटाशा, गिरमिट, सगळं पाटावर मांडून मिस्त्रीनं हळदकुंकू वाहिलं होतं. मधोमध गुण्या. नमस्कार झाला आणि त्यानं गुण्यावरचं कुंकू धोतराच्या सोग्यानं पुसलं. मी म्हटलं, "अहो, आत्ताच वाहिलंत ना?"

"कडंला बसलं तर जाडी वाढती, गुर्जी."

लाकूड हातात घेऊन त्यानं वास घेतला, नखानं ओरखडा काढला आणि विचारलं, "कवा पायजे?" मी तिथी सांगितली. तो म्हणाला, "आरामात." हा शब्द नेमका कुणाच्या आरामाबद्दल होता, ते मला पुढं समजलं.

वर्षश्राद्ध झालं तेव्हा वडील तांदळाच्या डब्याला टेकून बसले होते, बिनचौकटीचे. दुसऱ्या दिवशी मी तावातावानं दुकान गाठलं. चार पट्ट्या कापून तयार होत्या, जमिनीवर मांडलेल्याही होत्या. मला तरी ती फ्रेमच दिसत होती.

"झाली की ही!"

मिस्त्री हसला. फडताळातून मूठभर भाजलेले शेंगदाणे काढले आणि एकेक सोलून डाळ वेगळी करत गेला. "तुमी गणिताचं. चार पट्ट्या, काप किती?"

"आठ."

"समजा, दर कापात अर्धा अंश गंडलाय. डोळ्याला दिसतो का? न्हाई. ही एक डाळ म्हंजे अर्धा अंश." प्रत्येक टोकाशी त्यानं एकेक डाळ ठेवली. मग आठही डाळी गोळा केल्या, जोड्या लावल्या आणि चार अख्खे शेंगदाणे माझ्या तळहातावर ठेवले. "चार अंश झालं. पैले तीन कोपरे दाबून बसवता येत्यात. ही सगळी चोरी चौथ्या कोपऱ्यात सापडती. तीन कोपरे कुणालाबी जमत्यात हो." एवढं बोलून त्यानं माझ्या हातावरचे चारही अंश तोंडात टाकले.

मी अठ्ठावीस वर्षं हायस्कुलात भूमिती शिकवली. चौकोनाच्या चार कोनांची बेरीज तीनशे साठ, हे किती फळ्यांवर लिहिलं असेल याची मोजदाद नाही. पण चौथा कोन बाकीच्या तिघांची पापं फेडत असतो, हे मला त्या दिवशी शेंगदाण्यांनी शिकवलं.

मिस्त्रीची तपासणी बघायला दुकानात रिकामटेकडी माणसं बसलेली असतात. मीही त्यांच्यातला झालो. आधी सांधा दाराकडं धरून उजेड बघायचा. मग तिकीट. एसटीत पूर्वी कंडक्टर पत्र्याच्या ट्रेमधून चिमट्यानं भोक पाडून द्यायचा, ती पातळ, चिमुकली तिकिटं. मिस्त्रीनं लाकडासाठी बार्शीच्या जितक्या खेपा केल्या, तितकी तिकिटं रबर लावून जपून ठेवलीत. सांध्यात तिकीट शिरलं तर सांधा नापास. आताची यंत्रातून निघणारी तिकिटं त्याला चालत नाहीत. ती म्हणे फटीपाशी जाऊन गुंडाळतात, घाबरल्यासारखी. त्याचा आवडता विनोद हाच: "बार्शीच्या गाडीत तिकीट काढूनबी जागा मिळत न्हाई, तशी माझ्या सांध्यात तिकिटाला जागा मिळत न्हाई." रोज सांगतो. रोज आम्ही हसतो. न हसलं तर चहा येत नाही.

तिकीट शिरलंच, तर कुठून शिरलं यावरून निदान होतं. आतल्या कोपऱ्याकडून शिरलं तर टोकाचा कोन पंचेचाळिसाला कमी पडलाय, बाहेरच्या टोकाकडून शिरलं तर जास्त झालाय. दोन इंच रुंदीच्या पट्ट्यांत दोन्हीकडं अर्धा-अर्धा अंश कमी पडला, तर आत सव्वा मिलिमीटरची फट राहते. हे मी घरी येऊन कागदावर काढलं. मिस्त्रीला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हंजे अर्ध्या सुताला थोडं कमी." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, अर्धं सूत म्हणजे दीड मिलिमीटरहून जरासं जास्त. त्यानं हे तोंडी सांगितलं होतं आणि मला 'साईन'चा तक्ता लागला होता.

याचा मला थोडा राग आला, खोटं कशाला बोलू. निवृत्त होताना शाळेतला फळ्यावर वापरायचा मोठा लाकडी गुण्या मी आठवण म्हणून मागून आणला होता. तो एक दिवस घेऊन गेलो. म्हटलं, घ्या, हा शाळेचा, यानं तपासा.

मिस्त्रीनं तो दोन्ही हातांनी घेतला, प्रसाद घ्यावा तसा. एका फळीची कड रंध्यानं सरळ केली, गुण्या तिला टेकवून पेन्सिलीनं रेघ मारली. मग गुण्या उताणा केला आणि त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारली. दोन्ही रेघा एकमेकींवर बसायला हव्या होत्या. त्या खालून एकत्र निघाल्या आणि वर जाता जाता भांडण झालेल्या जावांसारख्या लांब झाल्या. दुकानात शांतता पसरली.

"दोन रेघांत दिसतीया ती दुप्पट चूक," मिस्त्री अगदी हळू आवाजात म्हणाला. वैद्य नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतो, तसा. "गुण्या अर्ध्या अंशानं खोटा हाय, गुर्जी."

म्हणजे अठ्ठावीस वर्षं मी काटकोन म्हणून जे काढत आलो, ते काटकोन नव्हतेच. माझ्या हाताखालून गेलेली सगळी पोरं अर्ध्या अंशानं वाकडी. त्यातले काही आज घरं बांधतात. मिस्त्री माझ्याकडं बघून म्हणाला, "म्हंजे या गावच्या भिंती अशा का, ते आज कळलं."

गावच्या भिंती हा त्याचा वेगळा विषय आहे आणि गवंडी हा त्याचा पिढीजात शत्रू. नव्या घरात छताच्या कडेला पट्टी मारायला बोलावलं की मिस्त्री आधी कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट मोजून खुणा करतो आणि दोन खुणांमधलं तिरकं अंतर घेतो. बरोबर पाच आलं तर काटकोन. वैरागात ते पाच आल्याचं त्याला आठवत नाही. गवंडी म्हणतात, किल्लारीच्या भूकंपानं भिंती हलल्या. "तो १९९३ ला झाला," मिस्त्री म्हणतो, "ह्यो बंगला तू परवा दिवाळीला बांधलास!"

पण इथं त्याचा एक वेगळाच गुण दिसतो. भिंत वाकडी आहे म्हणून तो काम नाकारत नाही. कोपरा ब्याण्णव अंशांचा असेल, तर कापही सेहेचाळिसाचाच हवा, हे त्याला मान्य आहे. कोन मोजायच्या भानगडीत तो पडत नाही. पट्टीचा एक तुकडा एका भिंतीला लावून छतावर रेघ मारतो, तोच तुकडा दुसऱ्या भिंतीला लावून दुसरी; रेघा जिथं एकमेकींना छेदतात, तिथून कोपऱ्यापर्यंत पेन्सिल ओढतो. झाला काप. भिंतीचा वाकडेपणा दोन्ही पट्ट्यांत निम्मा-निम्मा वाटून. गावातली भाऊबंदकीची भांडणं मिटवायला त्याला बसवावं, असं मला कैकदा वाटलंय. पण तो निकाल देईपर्यंत वादी-प्रतिवादी दोघंही म्हातारे होतील.

पुण्याच्या भाच्यानं त्याला कोन मोजायचं एक डिजिटल यंत्र आणून दिलं होतं. काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं, खाली चुंबक, पडद्यावर आकडे. मिस्त्रीनं ते एकाच कापावर तीनदा ठेवलं. ४४.९, ४५.०, ४४.९. "ह्येचंच ठरंना," म्हणून त्यानं ते परत पेटीत घातलं. भाच्यानं मग तिरका काप घेणारी करवत-मशीन दाखवली, पंचेचाळिसावर आणलं की खटका बसतो. मिस्त्रीनं मशीन मनापासून बघितलं, खटका चार वेळा बसवला आणि विचारलं, "खटक्याला पंचेचाळीस कुणी शिकवला?" भाचा अजून उत्तर शोधतोय. मशीन मात्र मिस्त्रीनं ठेवून घेतलं. त्यावर तो काप घेतो आणि मग रंध्याचं पातं अलगद फिरवून मशीनची चूक काढतो. गरम जिलबीचा पापुद्रा निघावा तसं पातळ सालपट निघतं. ते उजेडात धरून बघताना त्याच्या चेहऱ्यावर जे येतं, ते संतनाथ महाराजांच्या पालखीतही येत नाही.

त्याचं खरं दैवत एक आगगाडी होती. गाडी वैरागला कधी आलीच नाही. १८९७ साली बार्शी रोडपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंत धावलेली बार्शी लाईट. लोकांना आठवतात तिच्या गमती: चालत्या गाडीतून उतरून, आडोसा करून, परत चढता यायचं वगैरे. मिस्त्रीला आठवतात दोन रुळांमधले अडीच फूट. "लातूरपासून मिरजेपतोर अडीच फूट. सूतभर हिकडं न्हाई, सूतभर तिकडं न्हाई!" ब्रॉडगेज झाली तेव्हा त्याला वाईट वाटलं असेल, असं समजून मी विषय काढला. तर तो म्हणाला, ब्रॉडगेज साडेपाच फूट, म्हणजे रूळ सरकवला तोही मोजून तीन फूट. हे त्याला फार शोभून दिसलं होतं.

आता एवढा काटेकोर माणूस, म्हणजे घर कसं आरशासारखं असेल, असं कुणालाही वाटेल. त्याच्या दुकानाचं दार लागत नाही. रात्री सुतळीनं बांधतो. घरात त्याच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, पोळपाट अकरा वर्षं डुगडुगतंय. भाकरी त्या परातीत थापतात, त्यामुळं निभावतं. पण सणाला पुरणपोळ्या आल्या की लाटणं एकीकडं आणि पोळपाट दुसरीकडं. "तीन पाय बसवल्यात, चौथा तासून देतो म्हणाले," काकू सांगतात, "तवा धाकटी चौथीला होती." मी भूमितीच्या मास्तरकीनं सांगून टाकलं की तिनावरच थांबले असते तर पोळपाट डुगडुगलं नसतं, तीन पायांचं काहीच डुगडुगत नाही. काकूंनी माझ्याकडं असं बघितलं की मी चहा अर्धाच ठेवून उठलो. त्या पायाखाली त्या एसटीच्या तिकिटांची घडी सारतात. बार्शीच्या खेपांपैकी सहा खेपा तिथं गेल्यात.

तारखांचंही तेच. अंशाचा अर्धा भाग ज्याला सहन होत नाही, त्याला महिन्याचं काहीच वाटत नाही. "सोमवारी या" म्हणजे कुठला सोमवार, हे विचारायचं नसतं. अमावास्येला हत्याराला हात लावायचा नाही, हा वाडवडिलांचा रिवाज. मिस्त्री अमावास्येच्या आदल्या दिवशीही जपून असतो आणि नंतरचा दिवस पाडव्याचा म्हणून सोडतो. पैशांचं तर विचारूच नका. चार अंशांचा हिशेब आठ डाळींत मांडणारा हा माणूस बिलाच्या वेळी म्हणतो, "द्या की काय द्यायचं ते." त्याचा आजा बलुत्यावर होता. नांगर, पाभर, गाडीची चाकं करायचा आणि सुगीला खळ्यावर जाऊन ज्वारी आणायचा. मिस्त्रीच्या मते ती पद्धत बरी होती. ज्वारी मापताना माप सांडलं तरी कुणी वाकडं बोलत नसे.

धाकटीचं स्थळ बघायला तो मोहोळकडं गेला होता, त्याची गोष्ट त्याचा मेहुणा सांगतो. पोरगा चांगला, उसाचं रान, पाण्याला कमी नाही. मंडळींनी पोहे दिले. सगळे पोह्यांकडं आणि मिस्त्री समोरच्या भिंतीवरच्या आरशाकडं. पाहुणे आत गेले तसा उठला, खिशातून तिकीट काढलं आणि आरशाच्या कोपऱ्यात सारलं. तिकीट निम्मं आत. बाहेर येऊन मेहुण्याच्या कानात म्हणाला, "माणसं चांगली हायती. पण फटी लांबीनं भरल्यात." घरी आल्यावर काकूंनी जे बोलायचं ते बोलून घेतलं आणि सोयरीक तिथंच झाली. मिस्त्रीनं एवढंच ठरवलं की पोरीला आंदणात आरसा द्यायचा, असा की त्या घरानं चारही कोपरे बघत राहावं. दिला. पोरीच्या पहिल्या पोराच्या बारशाला.

माझी फ्रेम शिमग्यानंतर आली. मिस्त्री स्वतः घेऊन आला, धोतरात गुंडाळून. कर्ण सुतळीनं मोजून दाखवले, मग समोरासमोरच्या बाजूही मोजल्या. नुसते कर्ण सारखे असून भागत नाही, हे मलाच समजावलं. तिकीट चारही कोपऱ्यांना लावलं आणि चारही कोपऱ्यांनी ते परत पाठवलं. वडिलांना आत बसवलं. मी फ्रेम खिळ्याला टांगली, आणि खरं सांगतो, वडील इतके नीटनेटके हयातीत कधी दिसले नव्हते.

मे महिन्यात मिस्त्री परत आला. न बोलावता. सोलापूर जिल्ह्यातला मे, दुपारी बारा, रस्त्यावर कुत्रंही नाही. म्हणाला, "बघायला आलो." स्टुलावर चढला, तिकीट काढलं. आतल्या अंगानं शिरलं. जेमतेम, पण शिरलं. मला वाटलं आता हा फ्रेम उतरवून नेणार आणि वडील परत तांदळाच्या डब्यापाशी येणार. पण मिस्त्री खूश! लाकूड लांबीत हलत नाही, रुंदीत हलतं, हे त्यानं मला पाणी पिता पिता सांगितलं. उन्हाळ्यात पट्टी रुंदीला आक्रसते, लांबी तेवढीच राहते, म्हणून टोकाचा कोन कमी होतो आणि आतून फट पडते. पावसाळ्यात उलट, पट्टी फुगते आणि बाहेरचं टोक उघडतं. "सागवान कमी हलतं, पर हलतं. मेलं न्हाई अजून." मग वडिलांच्या फोटोकडं बघून जरा ओशाळला आणि म्हणाला, "लाकडाचं म्हणतोय मी. भादव्यात येतो."

भादवा आला. वडिलांचा म्हाळ होता. खीर, वडे, गवारीची भाजी, कढी, सगळं साग्रसंगीत. पान वाढून वळचणीला ठेवलं आणि आम्ही अंगणात कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. कावळे होते, तीन होते, समोरच्या लिंबावर. पण शिवायला कुणी तयार नाही. पाऊण तास झाला. बायको हळूच म्हणाली, मामंजींचं काही राहिलंय का बघा. धाकट्या भावानं जमिनीच्या वाटणीचं काहीतरी पुटपुटलं. भावजयीनं त्याच्याकडं बघितलं. एकूण वातावरण गंभीर होऊ लागलं होतं, तेवढ्यात मिस्त्री आला.

परिस्थिती ओळखून गप्प बसायचं, हा त्याचा स्वभाव नाही. आला तो सरळ ओसरीवर, स्टुलावर, खिशातून तिकीट. "बघा, बाहेरच्या अंगानं उघडलंय! म्हणलं न्हवतं?" मग त्यानं मान तिरकी केली. एक डोळा मिटला. "गुर्जी, टांगलीय कुणी ही?"

"मी."

"वाकडी हाय."

आम्ही सगळे अंगणातून ओसरीवर आलो. भावजय म्हणाली, सरळच तर आहे. मिस्त्रीनं फ्रेमचा खालचा कोपरा बोटानं उजवीकडं ढकलला, खाली उतरला, अंगणापर्यंत मागं जाऊन बघितलं, परत चढला, परत ढकलला. भाऊ म्हणाला, आता बरोबर. मी म्हटलं, थोडी जास्त झाली. बायको म्हणाली, मघाशीच बरी होती. घरात पहिल्यांदाच वाटणी सोडून दुसऱ्या विषयावर वाद पेटला. मिस्त्रीनं सुतळीला खिळा बांधून ओळंबा केला आणि फ्रेमच्या बाजूनं सोडला. सगळे श्वास धरून सुतळी थांबायची वाट बघत राहिलो.

मागं काहीतरी फडफडलं. वळून बघितलं तर पानावरचा एक वडा गेलेला, खिरीची वाटी कलंडलेली आणि लिंबावर दोनच कावळे. नेमका कधी शिवला, ते आमच्यापैकी एकानंही बघितलं नव्हतं.

"शिवला, शिवला!" बायको ओरडली.

"हलू नका," मिस्त्री स्टुलावरून म्हणाला, "सुतळी हालती."